वाचक विचारतात : कोपनहेगन कसं वाढलं, कुठे अडलं

गेल्या अंकात डेन्मार्कच्या राजधानीतल्या नव्या वस्त्या, मेट्रो आणि बंदराकाठच्या इमारतींवर लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांतले सात प्रश्न इथे घेतले आहेत. इमारतींच्या देखणेपणावर बरंच आलं होतं, पण जास्त जागा पैसा, पाणी, माती आणि घरभाडं यांना दिली आहे.

प्रश्न : लेखात म्हटलं आहे की कोपनहेगनने जमीन विकून मेट्रो बांधली. म्हणजे नेमकं काय केलं? आणि यात कुणाला तोशीस पडली नाही का? (नगररचनेची विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : १९८०च्या दशकाच्या अखेरीस कोपनहेगन महापालिकेची तिजोरी रिकामी होती. कारखाने बंद पडत होते, कर भरणारी कुटुंबं उपनगरांत निघून जात होती. दक्षिणेला आमागर बेटावर मात्र सरकारी आणि पालिकेच्या मालकीची मोठी जमीन मोकळी होती. १९९२ साली संसदेने तिथे ओरेस्टाड ही नवी वस्ती वसवण्याचा कायदा केला आणि सुमारे ५ किलोमीटर लांब, ६०० मीटर रुंद अशी ३१० हेक्टरांची पट्टी एका कंपनीच्या ताब्यात दिली. कंपनीत पालिकेचा वाटा ५५ टक्के, सरकारचा ४५ टक्के.

पुढचा क्रम महत्त्वाचा. कंपनीने सरकारची पत वापरून स्वस्त व्याजाचं कर्ज काढलं, त्यातून आधी मेट्रो बांधायला घेतली आणि मेट्रोमुळे भाव चढलेले प्लॉट विकून कर्ज फेडायचं ठरवलं. जोडीला त्या पट्टीतला जमीनकर आणि तिकिटांचं उत्पन्न. पहिला टप्पा १९ ऑक्टोबर २००२ रोजी सुरू झाला, तेव्हा ओरेस्टाडमधल्या काही स्टेशनांभोवती अजून गवतच होतं. वस्ती झाल्यावर रेल्वे नेण्याऐवजी रेल्वे नेऊन वस्ती बोलावली. याची मुळं १९४७च्या ‘पाच बोटांच्या आराखड्यात’ आहेत: तळहात म्हणजे जुनं शहर, बोटं म्हणजे उपनगरी रेल्वेमार्ग, आणि बोटांच्या मधल्या बेचक्यांत शेती व रानं. आजही राजधानीच्या परिसरात १५०० चौरस मीटरपेक्षा मोठं कार्यालय शक्यतो स्टेशनपासून ६०० मीटर चालण्याच्या अंतरात बांधावं लागतं.

आता तोशीस. हिशेब कागदावर चोख होता, पण जमीन ठरल्या वेगाने विकली गेली नाही, मेट्रोचा खर्च वाढला, सुरुवातीला प्रवासी अंदाजापेक्षा कमी आले आणि २००८च्या मंदीत बाजारच बसला. कर्जफेडीची मुदत पुढे ढकलावी लागली. २००७मध्ये जमिनीचं काम मेट्रोपासून वेगळं काढलं, बंदराच्या जमिनीही त्यात घातल्या आणि ‘बी ओ हाउन’ म्हणजे ‘शहर व बंदर’ ही नवी कंपनी तयार झाली. तिच्या डोक्यावर ते कर्ज आहेच. त्यामुळे आमागरच्या कुरणावर, जिथे पक्षी आणि दुर्मीळ बेडूक आहेत, तिथेही घरं बांधायचा आग्रह धरला गेला. लोक रस्त्यावर उतरले, २०१७मध्ये जागा बदलायचं ठरलं, वाद तरीही मिटला नाही.

आमच्या मते या पद्धतीतली खरी गोम इथेच आहे. आराखडा तपासणारी पालिका आणि प्लॉटचा भाव वाढावा म्हणून झटणारी मालकीण एकच असेल, तर इमारतीचा एखादा मजला कमी करा असं तिला कोण सांगणार?

प्रश्न : तिथल्या मेट्रोच्या गाड्या फक्त तीन डब्यांच्या आहेत. राजधानीला एवढी चिमुकली गाडी का? (निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ)

उत्तर : गाडीची लांबी ३९ मीटर, रुंदी २.६५ मीटर. भुयारी मेट्रोत सर्वांत महाग भाग स्टेशनचा खड्डा असतो. बोगदा यंत्र पोखरत जातं, पण स्टेशनसाठी भर चौकात सुमारे ६० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि तितकीच खोल पेटी खणावी लागते. गाडी आखूड ठेवली की पेटी आखूड होते आणि खर्च एकदम उतरतो. प्रवासी मग गाड्यांची संख्या वाढवून वाहायचे. गाड्या चालकाविना धावतात, भुयारी फलाटांवर काचेची दारं आहेत, म्हणून गर्दीच्या वेळी दोन-दोन मिनिटांना गाडी सोडता येते. एवढ्या काटकसरीतही टिकलेला एक सुखद भाग म्हणजे चौकातल्या काचेच्या झाकणांतून थेट फलाटापर्यंत उतरणारा उजेड.

तोटा तुम्हाला लगेच कळेल: फलाट एकदा बांधला की डबा जोडता येत नाही. जुन्या दोन मार्गांवर सकाळी आता दाटी असते आणि उपाय म्हणून गाड्यांमधलं अंतर आणखी कमी करणं एवढंच हातात उरतं.

याच संदर्भात २९ सप्टेंबर २०१९ला सुरू झालेल्या वर्तुळ मार्गाचं एक काम सांगण्याजोगं आहे. १५.५ किलोमीटर, १७ स्टेशनं, एक फेरी २४ मिनिटांची. खाली चुनखडक, वर हिमनदीने आणून टाकलेली चिकणमाती आणि वाळू, आणि भूजल अगदी वर. जुन्या शहरातल्या, विशेषतः पाण्याजवळच्या कित्येक इमारती लाकडी खुंटांवर उभ्या आहेत. पाण्याखाली असेपर्यंत खुंट शेकडो वर्षं टिकतात, कारण तिथे बुरशीला हवा मिळत नाही. स्टेशनच्या खड्ड्यातलं पाणी नुसतं उपसून टाकलं असतं तर आजूबाजूची पातळी उतरली असती, खुंटांची डोकी उघडी पडून कुजली असती आणि वरची भिंत तडकली असती. म्हणून आधी खड्ड्याच्या चारी बाजूंनी पाणी अडवणाऱ्या खोल काँक्रीट भिंती घातल्या, मग आतलं पाणी उपसलं, ते स्वच्छ केलं आणि भिंतीबाहेरच्या विहिरींतून पुन्हा जमिनीत सोडलं. बाहेरच्या निरीक्षण-विहिरींतली पातळी उतरली की काम थांबवून आधी ती सावरायची.

प्रश्न : ओरेस्टाडचे फोटो पाहिले. इमारती एकाहून एक, पण रस्ते ओसाड. हे फोटो काढणाऱ्याचं कसब की खरंच तसं आहे? (वास्तुविशारद, नाशिक)

उत्तर : सुरुवातीची बरीच वर्षं खरंच तसं होतं. दक्षिण टोकाला आता वस्ती भरली आहे, पण मधला भाग अजूनही संध्याकाळी सुना वाटतो. दोष इमारतींचा नाही. २००८ची ‘डोंगर’ इमारत घ्या: खाली ४८० मोटारींचा वाहनतळ, त्याच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी ८० घरं, प्रत्येकाला अंगण. किंवा २०१०ची ‘आठचा आकडा’: ४७६ घरं आणि रस्त्यावरून थेट दहाव्या मजल्यापर्यंत चढत जाणारी वाट. एकेक इमारत सुटी पाहिली तर उत्तमच.

गडबड दोन इमारतींच्या मधल्या जागेत झाली. प्लॉट मोठे काढले आणि एकेका गुंतवणूकदाराला या रस्त्यापासून त्या रस्त्यापर्यंतचा अख्खा तुकडा विकला. मग दीडशे मीटर चालूनही तोच दर्शनी भाग आणि एखादंच दार. रस्ता भलता रुंद, त्याच्या कडेने उंचावरून मेट्रो, आणि आमागरच्या सपाटीवरून येणारं वारं अडवायला काही नाही. त्यात २००४ साली स्टेशनला लागूनच एक प्रचंड मॉल उघडला. कार्यालयं वेळेवर येत नव्हती, जमीन तर विकायची होती. मॉलने सगळी दुकानं पोटात घेतली आणि रस्त्याला काही उरलं नाही.

नॉर्डहाउन या जुन्या बंदरात २००९च्या आराखडा-स्पर्धेनंतर याच चुका टाळायचा प्रयत्न दिसतो. प्लॉट लहान, इमारती बहुतेक पाच-सहा मजली, जुनी गोदामं आणि धान्याची कोठारं पाडण्याऐवजी वापरात घेतलेली. १७ मजल्यांचं एक धान्यकोठार २०१७मध्ये घरांत बदललं: काँक्रीटचा जुना सांगाडा तसाच ठेवून बाहेरून जस्त चढवलेल्या पोलादी पत्र्याचा कोनाकोनांचा अंगरखा चढवला, उष्णतारोधक थर त्या दोघांच्या मध्ये. आत चढवला असता तर कोठाराच्या ज्या खडबडीत भिंतींसाठी एवढा खटाटोप केला त्याच झाकल्या गेल्या असत्या.

मोटारींचा निर्णय आम्हाला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. प्रत्येक इमारतीखाली तळघर खणण्याऐवजी सामाईक वाहनतळ-इमारती बांधल्या. समुद्राला लागून तळघर खणणं महाग, ते कोरडं ठेवणं त्याहून महाग. आणि तळघरातून लिफ्टने थेट घरी जाणारा माणूस रस्त्याला कधीच लागत नाही; दोनशे मीटर चालत जाणारा वाटेत पाव घेतो. अशाच एका वाहनतळाच्या छतावर, २४ मीटर उंचीवर, मुलांचं खेळाचं मैदान आहे आणि तिथे जाणारा लाल जिना भिंतीवरून तिरका चढतो.

तुम्ही स्वतः आराखडे करता म्हणून एक माप सांगतो. तळमजल्याची उंची ४ मीटरच्या आसपास ठेवा. ३ मीटरच ठेवली तर पुढे मागणी आली तरी तिथे उपाहारगृह काढता येत नाही, कारण धुराची नळी आणि वायुवीजनाचे डक्ट छताखाली मावत नाहीत. ओसाड रस्त्याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

प्रश्न : २०११च्या ढगफुटीनंतर तिथे रस्तेच पाणी वाहून नेतील असे केले, असं वाचलं. नळ मोठे करणं सोपं नव्हतं का? (गृहनिर्माण संस्थेचे सचिव, ठाणे)

उत्तर : २ जुलै २०११ रोजी शहराच्या काही भागांत तीनेक तासांत १५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला. मुंबईत २६ जुलै २००५ला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता, त्यामुळे आपल्याला हा आकडा किरकोळ वाटेल. पण तिथली गटारं शंभर-दीडशे वर्षांची, सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच नळातून नेणारी, आणि जुन्या इमारतींना तळघरं. मैल्यासकट पाणी तळघरांत चढलं.

दशकांतून एकदा येणाऱ्या पावसासाठी सगळ्या शहराखालचे नळ मोठे करायचे तर प्रत्येक रस्ता उखडावा लागतो आणि एरवी ते नळ रिकामेच राहतात. म्हणून २०१२च्या आराखड्यात सुमारे ३०० कामं काढली, मुदत वीस वर्षांची. कसोटी अशी ठेवली: शंभर वर्षांतून एकदा येईल असा पाऊस झाला तरी रस्त्यावर १० सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी नको. काही ठिकाणी खोल बोगदेही आहेत, सगळंच वरच्यावर भागत नाही. पैसा मुख्यतः पाणीपट्टीतून, त्यासाठी कायदा बदलावा लागला.

रस्त्याचा आडवा उतार बदलणं हे मुख्य तंत्र. नेहमीचा रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता, म्हणजे पाणी थेट तळघराच्या पायऱ्यांकडे. तो उलटा करायचा: मध्ये खोलगट, कडेचे दगड उंच. वेस्टरब्रोमधल्या एंगहेव उद्यानात २२,६०० घनमीटर पाणी साठतं. उद्यान उताराच्या खालच्या टोकाला आहे, म्हणून तीन बाजूंनी बसण्याजोगी बुटकी भिंत घातली. आधी खोलगट क्रीडांगण भरतं, मग बाकीचं उद्यान.

ओस्टरब्रोमधल्या टोसिंगे चौकात पाण्याच्या जाती वेगळ्या काढल्या आहेत. छतावरचं पाणी स्वच्छ, ते टाकीत आणि झाडांना. रस्त्यावरच्या पाण्यात हिवाळ्यात बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ असतं. ते झाडांना मारतं आणि भूजल खारवतं, म्हणून त्याची वाट निराळी आणि ते पाणी गाळणाऱ्या मातीच्या थरातून जातं. आपल्याकडे मिठाचा प्रश्न नाही, तेल आणि कचऱ्याचा आहे, पण छत आणि रस्ता यांचं पाणी एकत्र न करण्याचा नियम तोच.

सचिव म्हणून तुमच्या कामाची गोष्ट आता. पालिका रस्त्यावरचं पाणी अडवते. तुमच्या मोरीच्या जाळीतून उलटं वर येणारं गटाराचं पाणी अडवायचं काम इमारतीच्या मालकाचं. त्यासाठी बाहेर जाणाऱ्या नळावर उलटा प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह बसवतात. तो बसवूनही तळघर भरण्याची दोन कारणं नेहमी सापडतात. एक, छताचे पन्हाळी नळ व्हॉल्व्हच्या आतल्या बाजूला जोडलेले असतात. व्हॉल्व्ह मिटला की आपल्याच छताचं पाणी आपल्याच तळघरात. ते नळ व्हॉल्व्हच्या पलीकडे जोडायचे. दुसरं, व्हॉल्व्ह मिटलेला असताना वरचे लोक संडास आणि कपड्यांचं यंत्र वापरत राहतात. पाणी जाणार कुठे? वर्षातून दोनदा झडप उघडून केस, चिंध्या आणि चरबी काढली नाही तर ती नेमकी त्या दिवशी पूर्ण मिटत नाही.

प्रश्न : कचरा जाळण्याच्या कारखान्यावर घसरगुंडी, हा निव्वळ देखावा नाही का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : थोडाफार आहे. आमागर बाके या कारखान्याचं मुख्य काम खाली चालतं: दोन भट्ट्या, प्रत्येकी ताशी ३५ टन कचरा, त्यातून वीज आणि शहरभर नळांतून जाणारं गरम पाणी. तिरकं छत आणि त्यावरची प्लॅस्टिकच्या ब्रशांची स्की-वाट २०१९मध्ये खुली झाली. टीका करायचीच तर छतापेक्षा भट्ट्यांच्या आकारावर करावी. त्या इतक्या मोठ्या आहेत की पोट भरायला परदेशातून कचरा आणावा लागला, आणि वर्गीकरण वाढेल तसा जाळायला कचरा आणखी कमी होणार.

प्रश्न : नव्या इमारतींच्या दर्शनी भिंतींतून खारट पाणी गळत होतं, अशी बातमी होती. गळती म्हणावी तर पाऊस आत येत नव्हता. मग काय झालं? (स्थापत्य अभियंता, रत्नागिरी)

उत्तर : तो मॅग्नेशियम बोर्डचा घोळ, आणि तो फक्त राजधानीपुरता नव्हता. साधारण २०१० ते २०१५ दरम्यान डेन्मार्कभर बाहेरच्या आवरणामागे वारं अडवायला मॅग्नेशियम ऑक्साइडचे बोर्ड वापरले गेले. स्वस्त, आगीला दाद न देणारे, बुरशी न धरणारे म्हणून सर्वांना पसंत. या बोर्डला बांधणारा पदार्थ मॅग्नेशियम ऑक्साइड आणि मॅग्नेशियम क्लोराइड यांचा, आणि त्यात काही क्लोराइड सुटं राहतं. ते हवेतली ओल शोषून घेतं, मीठ पावसाळ्यात ओलं होतं तसंच.

डेन्मार्कच्या हिवाळ्यात हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे ९० टक्क्यांच्या आसपास राहते. आवरण आणि बोर्ड यांच्यातल्या पोकळीत ती हवा खेळती, ऊन नाही. बोर्ड तुडुंब भिजतो, पृष्ठभागावर थेंब फुटतात आणि क्लोराइडचं पाणी खालच्या कडेला साचतं. मग जस्त चढवलेले स्क्रू आणि पोलादी कोन गंजतात, लाकडी चौकट ओली राहून बुरशी धरते. पावसाचा एक थेंब आत न येता भिंत सडते. जिथले दाखले पाहून बोर्ड निवडले तिथलं हवामान इतकं ओलं नव्हतं, हे कुणी तपासलं नाही. दुरुस्ती म्हणजे सगळं आवरण उतरवणं, बोर्ड टाकून देणं, प्रत्येक स्क्रू तपासणं आणि सिमेंट-तंतूंचे बोर्ड लावणं. वरून रंग किंवा सीलंट लावून भागत नाही, ओल हवेतून येते.

कोकणात पावसाळ्याचे चार महिने हीच परिस्थिती असते. पार्टिशनसाठी असा बोर्ड कुणी सुचवला तर सुट्या क्लोराइडचं प्रमाण लेखी मागा, एक तुकडा पावसाळ्यात सावलीत उघड्या हवेवर टांगून ठेवा आणि त्यात एक साधा स्क्रू पिळून ठेवा.

प्रश्न : मुलाला कोपनहेगनमध्ये नोकरी लागली आहे. नव्या वस्तीत घर घ्यावं की जुन्या? भाड्याची पद्धत कशी आहे? शिवाय आम्ही दोघं मे महिन्यात जाणार आहोत, एका दिवसात हे सगळं पाहून होईल का? (एक आई, कोल्हापूर)

उत्तर : ताई, आधी घराचं. १९९१नंतर वापरात आलेल्या इमारतींत भाडं करारात ठरेल ते, म्हणून ओरेस्टाड आणि नॉर्डहाउन महाग. जुन्या विटांच्या इमारतींत भाड्यावर बरंच नियंत्रण आहे, पण तिथे घर मिळणं अवघड आणि सहकारी संस्थांच्या घरांसाठी प्रतीक्षायादी. सुरुवातीला भाडेकरूकडून तीन महिन्यांपर्यंत अनामत आणि तीन महिन्यांपर्यंत आगाऊ भाडं घेता येतं. पहिला महिना धरला तर सात महिन्यांचे पैसे हाताशी हवेत. घर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय आणि करार हातात आल्याशिवाय एक क्रोनही पाठवू देऊ नका. त्या पत्त्यावर रहिवासी म्हणून सरकारी नावनोंदणी करता येईल ना, हे लेखी विचारावं. ती नसेल तर पुढची सगळी कामं अडतात.

किल्ली मिळाल्यावर प्रत्येक ओरखडा, डाग, सैल नळ यांचे फोटो काढून १४ दिवसांच्या आत घरमालकाला दोषांची यादी पाठवायची. ही यादी दिली नाही तर घर सोडताना रंगाचे आणि फरशीचे पैसे अनामतीतून कापले जातात. हिवाळ्यात एकच रेडिएटर पूर्ण उघडण्यापेक्षा सगळे थोडे थोडे उघडे ठेवावेत. रेडिएटरमधून शहराच्या गरम पाण्याच्या नळात परत जाणारं पाणी पुरेसं थंड झालं नाही तर काही ठिकाणी जादा आकार पडतो. फोडणी आणि कुकरच्या वाफेसाठी दिवसातून दोन-तीनदा खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडायच्या, आणि भिंतीतली हवेची जाळी थंडी लागते म्हणून चिकटपट्टीने बंद करायची नाही. बुरशी तिथूनच सुरू होते.

आता तुमचा दिवस. सकाळी मेट्रोने नॉर्डहाउन, लाल जिन्याने वाहनतळाच्या छतावर. तिथून सायकलने किंवा बसने बंदराकाठी, आतल्या बंदराचा पूल ओलांडून क्रिस्टियान्सहाउन, पुढे गोल तबकड्यांचा सायकल-पूल आणि इस्लांड्स ब्रुगेचा घाट. तिथून नारिंगी ‘सायकल-साप’ हा उंचावरचा मार्ग जवळ आहे. तो फक्त सायकलींसाठी, पायी चढायचं नाही. शेवटी मेट्रोने दक्षिणेचं टोक, व्हेस्टामागर, आणि तिथे ‘आठचा आकडा’. लोकांची राहती घरं आहेत, त्यामुळे खिडक्यांत डोकावून फोटो नकोत.

सायकल घेतलीत तर उजव्या कडेने चालवा, थांबण्याआधी हात वर करा आणि डावीकडे वळताना आधी सरळ चौक ओलांडून, थांबून, मग वळा. मध्येच तिरकं वळणं नियमाविरुद्ध आहे आणि मागून येणारे वेगात असतात. मेट्रोत सायकलीचं वेगळं तिकीट लागतं आणि गर्दीच्या वेळी ती नेऊ देत नाहीत. उपनगरी गाड्यांत ती फुकट नेता येते.